दिवाळीचा एक पदार्थ लेकीच्या नावावर

लेक 12 वर्षांची होती तेव्हा मी तिला पहिल्यांदा फराळात 'मदतीला' घेतलं. मदत म्हणजे काय, तर वेलची सोलणं, डबे पुसणं, गार होत असलेल्या शंकरपाळ्यांवर वर्तमानपत्र झाकणं आणि "जरा तो झारा दे" म्हटलं की झारा देणं. तासाभरात ती जी तिच्या खोलीत गेली ती जेवायलाच बाहेर आली. मी चिडलो. आजकालच्या मुलांना कशाची आवड म्हणून नाही, वगैरे सगळी वाक्यं बोलून झाली. रात्री बायको ड्यूटीवरून आली. ती नर्स आहे, दिवाळीत तिला सुट्टी मिळणं म्हणजे लॉटरीच. तिनं सगळं ऐकून एवढंच विचारलं, "पण तिनं आज केलं काय?" मला एकाही पदार्थाचं नाव सांगता येईना.

पुढच्या वर्षापासून आम्ही पद्धत बदलली. आता ती 15 ची आहे आणि फराळातला एक पदार्थ पूर्णपणे तिच्या नावावर असतो. यादी तिची, सामान तिचं, मळणं-तळणं तिचं, आणि बिघडला तर तोही तिचाच. वयात आलेल्या मुलीसोबत पहिल्यांदाच फराळाला बसणाऱ्या आईबाबांसाठी हे सगळं क्रमानं लिहितोय. तुम्हाला स्वतःला फराळ येत नसेल तरी अडत नाही. मला तरी कुठे येत होता? माझी सगळी कारकीर्द आईच्या शेजारी उभं राहून सोऱ्या फिरवण्यात गेली. फराळात पुरुषांनी तेवढंच करायचं असतं, अशी आमच्याकडे समजूत होती.

पायरी 1: निवड तिची, पण प्रत्येक पदार्थाचा स्वभाव आधी सांगा

"तुला काय करायचंय?" असं नुसतं विचारलं तर खांदे उडवले जातील. कोणता पदार्थ काय मागतो ते सांगून मग विचारा.

चिवडा सगळ्यात लवकर होतो, पण त्याला लक्ष लागतं. पातळ पोहे मंद आचेवर भाजायचे, गडबडीत आच वाढवली की ते आक्रसतात. फोडणीतली मिरची आणि कढीपत्ता अगदी कुरकुरीत होऊ द्यायचा. त्यात ओल राहिली तर दुसऱ्या दिवशी सगळा डबा मऊ. मीठ आणि साखर एकत्र बारीक करून घातली तर सगळीकडे सारखी लागते, नाहीतर डब्याच्या तळाशी जाऊन बसते.

बेसनाचे लाडू म्हणजे संयमाची परीक्षा. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास परतत उभं राहायचं. पीठ आधी जड लागतं, मग हलकं होत जातं, तूप सुटतं आणि घरभर वास जातो. कंटाळून दहा मिनिटं आधी गॅस बंद केला की लाडू टाळूला चिकटतो. साखर मात्र मिश्रण कोमट झाल्यावरच घालायची, गरम असताना घातली की सगळं पातळ होतं. ज्या मुलीला फोन हातात घेतल्याशिवाय दहा मिनिटं काढता येत नाहीत तिनं पहिल्या वर्षी हे घेऊ नये. (ज्या बापाला येत नाहीत त्यानंही घेऊ नये. हा स्वानुभव.)

करंजीला हात बसलेला लागतो. सारण कमी भरलं तर खुळखुळा होतो, जास्त भरलं तर तेलात फुटते आणि मग सगळं तेल काळं. अनारशांचं नावच काढू नका. तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवायचे, सावलीत सुकवायचे, दळायचे, गूळ घालून पीठ मुरवत ठेवायचं, आणि एवढं करून तुपात सोडल्यावर अनारसा हसला, म्हणजे विरघळून पसरला, की आपण रडायचं.

नवख्या मुलीसाठी माझं मत शंकरपाळ्यांना. माप सोपं, चुका दुरुस्त होतात आणि कातण फिरवण्यात मजा आहे. दुसऱ्या वर्षी चकली. आमच्याकडे हाच क्रम झाला. 13 व्या वर्षी शंकरपाळे, 14 व्या वर्षी चकली. 15 व्या वर्षी परत चकली, कारण 14 व्या वर्षीची चकली... तिथवर येतोच.

पायरी 2: प्रमाण लहान ठेवा

घरातल्या बायका फराळ किलोत करत आल्या आहेत. मुलीला किलो देऊ नका. किलोभर पीठ बिघडलं की घरातल्या प्रत्येकाला त्यावर बोलावंसं वाटतं. दोन वाट्यांचं बिघडलं तर फार कुणाला कळतही नाही. तिचा पदार्थ पाहुण्यांना पुरायला हवा ही अपेक्षाही सोडा. कमी पडला तर विकत आणा किंवा तोच पदार्थ तुम्ही वेगळा करा, मात्र तुमचा डबा तिच्या डब्याशेजारी ठेवू नका. मी एकदा ठेवला होता. दोन्ही डब्यांतली चव घेऊन बघणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात.

पायरी 3: वेळ तिला ठरवू द्या

आमच्या आईच्या हिशोबानं फराळ पहाटे पाचला सुरू होतो, उन्हं वर यायच्या आत तळण आटोपतं. वयात येणाऱ्या मुलांच्या शरीराचं घड्याळ मात्र पुढे सरकलेलं असतं. रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी डोळे उघडत नाहीत, हा निव्वळ आळस नसतो. या वयाला 8 ते 10 तास झोप लागते आणि सहामाही परीक्षेच्या दिवसांत त्यातली बरीच उधार राहिलेली असते. परीक्षा संपल्या संपल्या पहिले दोन दिवस तिला स्वयंपाकघरात बोलावूच नका.

आम्ही रात्रीची जेवणं झाल्यावर साडेनऊला बसतो. ओटा रिकामा असतो, फोन शांत असतात, बेल वाजत नाही. एका बैठकीला दोन तास पुष्कळ झाले. त्यानंतर हात चुकतात आणि माणसं एकमेकांवर खेकसतात.

पायरी 4: यादी आणि पैसे तिच्या हातात

ही पायरी बहुतेक जण गाळतात. सामान ओट्यावर आयतं मांडून दिलं की मुलगी पुन्हा 'मदतनीस' होते. यादी तिला करू द्या, पैसे तिच्याकडे द्या, तिलाच दुकानात पाठवा. जायच्या आधी दोन-तीन गोष्टी सांगून ठेवा. लाडवाला जाडसर बेसन मागायचं, भज्यांचं बारीक नको. तीळ, खोबरं, दाणे घेताना वास घ्यायचा, खवट असेल तर दुकानदार काका कितीही ओळखीचे असोत, परत द्यायचं. चकलीची भाजणी तयार मिळते, पहिल्या खेपेला तीच आणा. घरी करायची तर आमचं प्रमाण 4 वाट्या तांदूळ, 2 वाट्या हरभरा डाळ, 1 वाटी मूग डाळ, अर्धी वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी पोहे, पाव वाटी धने आणि दोन चमचे जिरे. धुवायचं ते धुऊन सावलीत वाळवायचं, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा आणि गिरणीत दळून आणायचा. गिरणीवाल्याला "चकलीची भाजणी" असं सांगितलं की आधी गहू दळलेल्या जात्यात तो ती टाकत नाही, निदान टाकू नये अशी आशा असते.

पहिल्या वर्षी लेक मैदा, साखर, वेलची सगळं घेऊन आली आणि तूप विसरली. घरात तूप होतं. मला माहीत होतं, तिला नव्हतं. मी गप्प बसलो आणि ती परत जाऊन आली. बायको म्हणाली, "कशाला छळतोस?" छळ होता का, यावर आमचं अजून एकमत नाही.

पायरी 5: कढईचे नियम, इथे लोकशाही नाही

बाकी सगळं तिच्या मनासारखं होऊ दे, गरम तेलाशी मात्र तडजोड नाही. हे नियम तेल तापवायच्या आधी, शांत डोक्यानं सांगा. तेल तापल्यावर ओरडून सांगितलेलं कुणाला ऐकू येत नाही.

कढई अर्ध्याहून जास्त भरायची नाही. केस वर बांधलेले, ओढणी नाही, बाह्या सैल नाहीत, अंगावर सुती कपडे. झारा कोरडा, हात कोरडे. पाण्याचा एक थेंबही तेलात गेला तर तेल उडतं. पदार्थ वरून टाकायचा नाही, कढईच्या कडेनं अलगद सोडायचा. तेल गॅसवर असताना तिथून हलायचं नाही, आणि फोन स्वयंपाकघराबाहेर (बाबांचासुद्धा). तेलातून धूर यायला लागला की आधी गॅस बंद.

तेलानं पेट घेतला तर गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवायचं आणि गार होईपर्यंत उचलायचं नाही. पाणी कधीही ओतायचं नाही, कढई उचलून पळायचं नाही. हे आम्ही रिकाम्या कढईवर दोनदा करून पाहिलं. लेकीला ते फार हास्यास्पद वाटलं, झाकण मात्र तेव्हापासून ओट्यावर कढईशेजारीच असतं.

भाजलं तर नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं धरायचं. घड्याळ लावून धरा, वीस मिनिटं आपल्याला वाटतात त्याहून बरीच मोठी असतात. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही लावायचं नाही. बांगडी-अंगठी लगेच काढायची, फोड फोडायचे नाहीत. भाजलेली जागा तळहाताएवढी मोठी असेल, किंवा चेहऱ्यावर असेल, तर पाणी लावून सरळ डॉक्टरांकडे जायचं.

तळणाच्या पहिल्या वर्षी कढईजवळ मी उभा होतो आणि ती शेजारी. दुसऱ्या वर्षी जागा बदलल्या. ज्या मुलीनं कधी पुरीही तळलेली नाही तिला एकदम चकलीच्या कढईपुढे उभं करू नका. महिनाभर आधी एखाद्या रविवारी चार पापड, चार पुऱ्या तळू द्या.

पायरी 6: शंकरपाळे

अर्धी वाटी दूध, अर्धी वाटी साखर, अर्धी वाटी तूप. तिन्ही एकत्र करून साखर विरघळेपर्यंत गरम करायचं आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. मग चिमूटभर मीठ आणि मावेल तेवढा मैदा, साधारण दोन ते अडीच वाट्या. 'मावेल तेवढा' या शब्दांवर माझी लेक भडकली होती. "मावेल तेवढा म्हणजे किती ग्रॅम?" तिचं बरोबरच होतं. मी आईला फोन लावून विचारलं तर आई म्हणाली, "अरे, पीठच सांगतं." आम्ही पीठ वजनकाट्यावर ठेवून शेवटी स्वतःचा आकडा लिहून काढला. तुम्हीही तसंच करा. मैदा प्रत्येक वेळी वेगळा असतो, पण आकडा हातात असला की मुलं धीरानं घेतात.

पीठ घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवायचं. पोळी जाडसर लाटायची आणि कातणानं चौकोन कापायचे. मंद ते मध्यम आचेवर तळायचे, एका घाण्याला आठ-दहा मिनिटं लागतात. हवा त्यापेक्षा एक छटा फिका रंग असतानाच काढायचे, कारण बाहेर आल्यावरही ते थोडे गडद होतात. आधी दोनच टाकून बघा. तेलात विरघळायला लागले तर तूप किंवा साखर जास्त झाली आहे, पिठात आणखी थोडा मैदा मळा. दगडासारखे झाले तर तूप कमी पडलं, नाहीतर आच मोठी होती.

पायरी 7: चकली आणि तिचे रुसवे

दोन वाट्या भाजणीला मोजून दोन वाट्या पाणी घ्या, पण उकळायला त्यातलं पावणेदोन वाट्याच ठेवा. उरलेलं मळताना लागलं तर. पाण्यात दोन मोठे चमचे तेल, मीठ, तिखट, हळद, हिंग, ओवा आणि दोन चमचे तीळ. उकळी आली की गॅस बंद करून भाजणी घालायची, ढवळायचं आणि पंधरा-वीस मिनिटं घट्ट झाकण ठेवायचं. मग हाताला सोसेल इतपत गरम असतानाच थोडं थोडं घेऊन मळायचं. इथे कंटाळा केला तर चकली सोऱ्यातून बाहेर येतानाच तुटते.

सोऱ्यात चांदणीची चकती, आतून तेलाचा हात. प्लॅस्टिकच्या कागदावर तीन वेढे घालायचे आणि शेवटचं टोक दाबून चिकटवायचं. तेल मध्यम तापलं की नाही ते पिठाचा लहानसा गोळा टाकून बघायचं. तो लगेच उसळून वर आला तर तेल फार गरम, तळाशीच बसून राहिला तर गार, सावकाश बुडबुडे काढत वर आला तर बरोबर. चकल्या सोडल्या की एकदम हात लावायचा नाही. बुडबुडे कमी होत आले की झाली.

रुसवे असे. तुटत असेल तर पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात लावून परत मळा. काटे उठत नसतील तर पीठ सैल झालंय, थोडी कोरडी भाजणी मळा. बाहेरून तांबूस आणि आतून मऊ म्हणजे तेल जास्त तापलेलं. तेलात पसरून फुटली तर मोहन, म्हणजे पिठात घातलेलं तेल, जास्त.

गेल्या वर्षी आमची फुटली. लेकीनं दोन चमच्यांऐवजी अर्धी वाटी तेल घातलं होतं, "खुसखुशीत व्हावी म्हणून". मला ते घालताना दिसलं होतं. इतक्या वर्षांत जिभेला एवढा मोठा चावा मी कधी घेतला नव्हता. पहिली चकली तेलात पडली, सैलावली, आणि झाऱ्यावर नुसता चुरा आला. दुसरीही तशीच. ती म्हणाली, "बाबा, तू जरा बाहेर जा ना." मी गॅस बंद करून बाहेर गेलो. दहा मिनिटांनी आत डोकावलं तर आजीला व्हिडिओ कॉल लावलेला आणि दोघी मिळून पिठात कोरडी भाजणी मळत होत्या, म्हणजे एक मळत होती आणि दुसरी गावाहून ओरडत होती. त्या चकल्या बऱ्या झाल्या. बऱ्याच, चांगल्या नाही. पण ज्या मुलीनं त्या वर्षी आजीच्या फोनला "हं, हं, देते बाबांना" यापलीकडे उत्तर दिलं नव्हतं, तिनं तिच्याशी पंचवीस मिनिटं बोलून फोन ठेवला.

बिघडलेलं फेकायची घाई करू नका. मऊ पडलेल्या चकल्या मंद आचेवर पुन्हा तळता येतात. चुऱ्यावर कांदा, दही, कोथिंबीर घातली की संध्याकाळचं खाणं होतं. मऊ चिवडा कोरड्या कढईत मंद आचेवर परतला की सुधारतो. लाडू वळत नसेल तर चमचाभर कोमट तूप, आणि बसत असेल तर मिश्रण थोडा वेळ फ्रिजमध्ये.

पायरी 8: बोलणं आपोआप निघतं, ओढून काढू नका

समोरासमोर बसवून "शाळेत काय चाललंय?" विचारलं की या वयात उत्तर एकच, "काही नाही." सोऱ्या फिरवताना मात्र दोघांची नजर कागदावर असते. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. आमच्याकडे जवळच्या मैत्रिणीशी झालेला अबोला, गणिताच्या क्लासमधून नाव काढायची इच्छा, आणि एका मुलाचं नाव जे मी मुद्दामच पुन्हा उच्चारलं नाही, हे सगळं पिठाचे हात असताना बाहेर आलं.

मी यात दोनदा माती खाल्ली आहे. एकदा तिनं मैत्रिणीचं सांगायला सुरुवात केली आणि मी तिसऱ्या वाक्याला उपाय सांगितला. ती गप्प झाली. दुसऱ्यांदा तिनं सांगितलेलं मी रात्री तिच्या देखत बायकोला सांगून टाकलं. त्यानंतर ती जे बंद झाली ते भाऊबीजेपर्यंत. आता माझा नियम असा, की घाणा उतरेपर्यंत फक्त "मग?" एवढंच विचारायचं. तिला काही विचारायचं असेल तर ती विचारतेच. आणि ती गाणी लावून दोन तास एक अक्षर न बोलता चकल्या घालत राहिली, तर तेही चालतं. आम्ही फराळ करायला बसलेलो असतो, जबानी घ्यायला नाही.

पायरी 9: "दादूला का नाही सांगत?"

हा प्रश्न येणारच. आमच्याकडे तो धाकट्याच्या नावानं आला, तो 11 चा आहे. लेकीचं म्हणणं सरळ होतं. मुलगी म्हणून मला शिकवत असशील तर मी करणार नाही. मी म्हणालो, मी पुरुष असून करतोय ना. ती म्हणाली, "तू करतोस तर सगळे तुझं कौतुक करतात. मी केलं की म्हणतात, वा, सासरी नाव काढेल." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण आदल्याच दिवशी आत्यानं अगदी तेच वाक्य म्हटलं होतं.

म्हणून व्यवहाराची गोष्ट. घरात मुलगा असेल तर त्याच्याही नावावर एक पदार्थ टाका, आणि त्याच दिवसापासून. धाकट्याकडे चिवडा आहे. फोडणी मी देतो, बाकी तो. सांडतो फार. आणि 'सासर' हा शब्द स्वयंपाकघरात कुणी काढला तर तो मुलीच्या समोरच थांबवा, नंतर एकटं गाठून नाही. आत्या दोन दिवस रुसली होती, पाडव्याला आली.

पायरी 10: पाळी आली तर

ऐन फराळात पाळी येऊ शकते, आणि अनेक घरांत अजूनही त्या दिवसांत मुलीनं फराळाला, देवाच्या ताटाला शिवायचं नसतं. हा विषय तळण सुरू व्हायच्या आदल्या दिवशी बापाला आठवून उपयोग नाही. मोठ्यांशी आधीच बोला, मुलीच्या गैरहजेरीत आणि तिच्या बाजूनं. मी आईला सांगितलं की आमच्याकडे हे पाळायचं नाही. तिनं वाद घातला नाही. "नैवेद्याचं आधी वेगळं काढून ठेवा" एवढंच म्हणाली. लेकीला हेही मान्य नाही, आणि तिनं ते आजीला स्वतः सांगितलं. मिटलेलं नाही अजून. त्या वर्षी चकल्या मात्र तिनंच केल्या. पोट दुखत असेल तर स्टूल घेऊन बसून करा, किंवा काम उद्यावर ढकला. तिनं आपण होऊन "आज नको" म्हटलं तर ते आज नको, एवढंच. कारण विचारायचं नाही.

पायरी 11: ताटं वाटताना आणि पाहुण्यांसमोर

तिचा पदार्थ शेजारी द्यायला तिलाच पाठवा. "हे हिनं केलंय हो" असं दारात उभं राहून तुम्ही जाहीर करू नका, तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल.

पाहुण्यांचे शेरे दोन प्रकारचे असतात, पदार्थावरचे आणि अंगावरचे. पदार्थावरचे तिला झेलू द्या. "तिखट जरा कमी झालं" ऐकून कुणी मोडत नाही. "बारीक झालीस गं" किंवा "जरा जपून खा, सुटशील" हे मात्र तुम्ही मध्ये पडून अडवा. या वयात मुली असं एखादं वाक्य मनाला लावून जेवण तोडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) आपल्या देशातल्या 15 ते 19 वयाच्या सुमारे 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. जेवण कमी करायचा सल्ला या मुलींना द्यायचा आहे का, एवढं मामांना विचारावं. मी विचारलं, पण चहाचा कप हातात देऊन.

पायरी 12: वही

तळण संपल्यावर, तेल गाळायच्याही आधी, तिला दोन ओळी लिहू द्या. किती घेतलं, काय चुकलं, किती झालं. आमची वही म्हणजे तिची सहावीची अर्धी कोरी राहिलेली इतिहासाची वही. शंकरपाळ्यांच्या पानावर मैद्याचा ग्रॅममधला आकडा आहे, त्याला तीनदा अधोरेखित केलंय. गेल्या वर्षीच्या चकलीखाली मोठ्या अक्षरांत "मोहन = 2 चमचे!! वाटी नाही!!" आणि कंसात "आजी 1, बाबा 0".

या वर्षीचं पान मी कालच पाहिलं. "पाणी पावणेदोन बास. 34 झाल्या. 5 दादूनं गरम असतानाच खाल्ल्या, 2 बाबांनी (मला दिसलं)." त्याखाली पेन्सिलीनं, अगदी बारीक अक्षरात, पुढच्या वर्षाचं नाव घालून लिहिलंय: "अनारसे? तांदूळ बाबांनी भिजवायचे."